आधी ‘किती’ वाचा, उपचाराचं नाव नंतर

भाच्यानं मला रोबोटच्या हातमोज्याची चित्रफीत पाठवली तेव्हा माझ्या पक्षाघाताला अकरा आठवडे झाले होते. उजव्या हातात पेन धरवत नव्हतं. आणि बत्तीस वर्षं मी त्याच हातात लाल पेन धरून पोट भरलंय, मी मुद्रितशोधक. चित्रफितीत एक गृहस्थ हातमोजा चढवतात, पेला उचलतात, मागे सतार वाजते, शेवटी पाटी येते: ‘संशोधनानं सिद्ध’.

मी ती फिजिओला दाखवली. ती माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, “काकू, सिद्ध झालंय ते छापलंय कुठे? लेख शोधा. मिळाला तर आपण दोघी बसून वाचू.”

लेख मिळालाच नाही. मिळालं ते विकणाऱ्यांचं माहितीपत्रक. पण शोधताना दुसरं बरंच हाती लागलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे काम तर आपलंच आहे. मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे, ओळ न् ओळ ताडून बघायची. बातमी, चित्रफीत, ओळखीच्यांचा सल्ला हे सगळं प्रूफ. संशोधनाचा लेख ही मूळ प्रत. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. पुनर्वसनाचं संशोधन आजारी माणसानं किंवा त्याच्या घरच्यांनी कसं वाचावं आणि त्यातून स्वतःच्या कामाचं काय काढावं, एवढंच सांगते. औषध, शस्त्रक्रिया आणि व्यायाम सुरू-बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टर-थेरपिस्टबरोबरच घ्यायचा, हे एकदाच सांगून ठेवते.

मूळ प्रत शोधणं

शोध बहुतेक इंग्रजीतून करावा लागतो, त्याला इलाज नाही. ‘सर्वात चांगला उपचार’ असं लिहून शोधलंत तर जाहिराती येतात. आजाराचं नाव, अवयवाचं नाव आणि तुम्हाला परत करायची असलेली क्रिया असे तीन शब्द टाका. मी ‘स्ट्रोक’, ‘हँड’, ‘फंक्शन’ टाकले.

तीन ठिकाणं फुकट आहेत. पबमेड ही वैद्यकीय लेखांची मोठी सूची, तिथे बहुतेक लेखांचा निदान सारांश वाचता येतो. पेड्रो ही खास फिजिओथेरपीच्या संशोधनाची सूची, सिडनीहून १९९९ साली सुरू झालेली. तिथे प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात. आणि कॉक्रेन या संशोधकांच्या संस्थेचे आढावे. एकाच प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून, तपासून, त्यांची बेरीज मांडलेली असते आणि सोप्या भाषेतला गोषवाराही सोबत असतो. घाईत असाल तर कॉक्रेनपासूनच सुरू करा. पूर्ण लेख पैशांच्या कुलपाआड असेल तर लेखकाचा ईमेल पत्ता सारांशाशेजारी असतो. मी चार जणांना लिहिलं, तिघांनी लेख पाठवला.

पेड्रोच्या गुणांबद्दल एक गंमत. पहिल्यांदा सहा-सात गुण बघून मला वाटलं, हे तर काठावर पास. फिजिओ म्हणाली, व्यायामाच्या चाचणीत दहा मिळणं जवळजवळ अशक्य. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. इथे हातावर पट्टी बांधली आहे की नाही हे रुग्णालाही कळतं आणि थेरपिस्टलाही. ते दोन गुण गेलेच. म्हणजे आठ म्हणजे भरलेला पेपर. तीन गोष्टी मात्र असायलाच हव्यात: गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का, शेवटी मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं ना, आणि मधेच सोडून गेलेल्यांचा हिशेब दिलाय का. हे गुण काम किती स्वच्छ केलं ते सांगतात. उपचार उपयोगी आहे की नाही ते नाही. स्वच्छ छापलेलं पुस्तक चांगलंच असतं असं कुठाय?

आपोआप बरं होण्याचा वाटा

इथे मी स्वतः फसले, म्हणून जरा थांबते.

सहाव्या आठवड्यात मी एक विजेवर थरथरणारं मालिशयंत्र वापरायला लागले. नवव्या आठवड्यात बोटं थोडी उघडायला लागली. मी चार जणींना त्या यंत्राचं नाव सांगून मोकळी झाले. फिजिओनं विचारलं, “यंत्र नसतं तर नवव्या आठवड्यात काय झालं असतं?” मला उत्तर देता येईना. त्या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणूनच तर संशोधनात तुलनेचा गट असतो.

पक्षाघातानंतर हालचालीतली बरीचशी सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते आणि त्यातला मोठा भाग मेंदू स्वतःच सावरण्याचा असतो. मुरगळलेला घोटा, धरलेली पाठ यांचंही तसंच. दुखणं अगदी टोकाला गेल्यावर आपण उपचार शोधतो आणि टोकावरून ते बहुधा उतरतंच. त्या काळात तुम्ही जे काही करत असाल त्याला श्रेय मिळतं. म्हणून ‘उपचारापूर्वी’ आणि ‘उपचारानंतर’ असे दोनच रकाने असलेला तक्ता दिसला, की मी समासात प्रश्नचिन्ह काढते. तिसरा रकाना हवाच: ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांचं काय झालं?

आणि त्या तिसऱ्या रकान्यातल्या लोकांना काय मिळालं तेही वाचायचं. अमेरिकेतली लीप्स नावाची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. पक्षाघातानंतर चालण्यासाठी शरीराचं वजन पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवायचं, ही तेव्हाची मोठी आशा. ४०८ जण घेतले. काहींना दोन महिन्यांनी ट्रेडमिल, काहींना सहा महिन्यांनी, आणि उरलेल्यांकडे थेरपिस्टनं घरी जाऊन ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. वर्षानं पाहिलं तर सगळे मिळून ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पायरीला गेली होती आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ‘ट्रेडमिलचा उपयोग नाही’ अशी बातमी यावरून कोणी केली तर ते चुकीचं प्रूफ. ट्रेडमिलवाले सुधारलेच होते; घरच्या व्यायामानंही तितकंच साधलं. ज्यांच्या आवाक्यात ते यंत्र नाही त्यांच्यासाठी याहून चांगली बातमी मला माहीत नाही.

रोबोटचंही असंच काहीसं. ब्रिटनमधल्या रॅटल्स चाचणीचा निकाल २०१९ साली आला, ७७० रुग्ण. एका गटाला रोबोटच्या मदतीनं हाताचा व्यायाम, एकाला तितकाच वेळ थेरपिस्टकडून जास्तीचा व्यायाम, एकाला नेहमीची सेवा. नेहमीच्या सेवेशी ताडून पाहता हाताच्या वापरात रोबोटनं फरक पडला नाही. भाच्याला हे कळवलं तर त्याचं उत्तर: “मावशी, तू फार निगेटिव्ह आहेस.” त्याचा गुडघा तेव्हा शाबूत होता.

ती माणसं तुमच्यासारखी होती का?

लेखात ‘सहभागी’ किंवा ‘समावेशाचे निकष’ असा एक कंटाळवाणा परिच्छेद असतो. लोक तो गाळतात. मी तो सगळ्यात आधी वाचते.

चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला कामाला लावायचं, या उपचाराबद्दल तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांवरच्या कामातून ही कल्पना पुढे आणली. दुबळ्या हातानं दोनचार वेळा अपयश आलं की प्राणी तो वापरणंच सोडतो. न वापरण्याची सवय लागते. ती सवय मोडायची, म्हणून चांगल्या हाताला अडवायचं. माणसांवरची मोठी चाचणी म्हणजे २००६ सालची एक्साइट: २२२ जण, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले. त्यांना फायदा झाला आणि वर्षानंतरही टिकला. हे वाचून मी लगेच डाव्या हातात जाड मोजा चढवला. दीड दिवस काहीच करता आलं नाही, चिडचिड तेवढी झाली.

मग तो कंटाळवाणा परिच्छेद वाचला. त्या सगळ्यांना मनगट आणि बोटं थोडी का होईना, स्वतःहून वर उचलता येत होती. फिजिओनं कोनमापक लावून माझं मनगट मोजलं. उचललंच जात नव्हतं. म्हणजे तो लेख खरा होता, पण त्या दिवशी माझा नव्हता. सात आठवड्यांनी माझं मनगट थोडं उठायला लागलं, तेव्हा आम्ही तोच लेख पुन्हा काढला.

वय, आजाराला किती दिवस झाले, किती हालचाल शिल्लक होती, समजण्या-बोलण्यात अडचण असलेल्यांना घेतलं होतं का, एवढं तरी स्वतःशी ताडून बघा. पक्षाघात झालेल्या अनेकांना बोलता येत नाही आणि पुष्कळ चाचण्या अशांना आधीच वगळतात. आपलं माणूस त्यातलं असेल तर निकाल त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

एक इशाराही याच जागी. पक्षाघाताच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांना बोटं थोडी सरळ करता येतात आणि खांदा बाजूला उचलता येतो, त्यांचा हात सहा महिन्यांत काही ना काही कौशल्याचं काम करण्याची शक्यता ९८ टक्के, आणि दोन्ही न येणाऱ्यांत २५ टक्के, असं नेदरलंड्समधल्या २०१० सालच्या अभ्यासात दिसलं. मी दुसऱ्या गटातली. तो आकडा वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग पुन्हा वाचला: २५ टक्के म्हणजे चारात एक, शून्य नव्हे. गटाचा आकडा एका माणसाला चिकटवायचा नसतो. पण तो लपवायचाही नसतो. त्यावरूनच थेरपिस्टला कळतं की आधी कशाच्या मागे लागायचं.

किती?

पुनर्वसनातला खरा मजकूर इथे असतो, आणि बातम्यांत नेमका हाच गाळलेला असतो.

अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक साधं काम प्रसिद्ध केलं. पक्षाघातानंतरच्या थेरपीच्या सत्रांत बसून त्यांनी नुसतं मोजलं. ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला, त्यांत अशा हालचाली सरासरी भरल्या ३२. मेंदूत बदल घडतो असं दाखवणाऱ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत हीच संख्या दिवसाला शेकड्यांनी होती. एक्साइटमध्ये तर चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणाच्या ९० टक्के वेळ मोजा आणि आठवड्याचे पाच दिवस रोज सहा तासांपर्यंत सराव. आता कोणी सांगितलं की ‘आम्हीही तीच थेरपी देतो, आठवड्यातून दोनदा अर्धा तास’, तर नाव तेच आहे पण मजकूर वेगळा.

म्हणून लेखातून चार आकडे वहीत उतरवा: एका वेळी किती मिनिटं किंवा किती वेळा, आठवड्यातून किती दिवस, एकूण किती आठवडे, आणि काठिण्य कसं वाढवलं. चौथा बहुतेक वेळा सापडत नाही. नाही सापडला तर तसंच लिहा. थेरपिस्टला विचारायचा पहिला प्रश्न तोच.

माझा हिशेब सांगते. रांगेत माणसं मोजायला वापरतात तसलं दाबायचं गणकयंत्र मी डाव्या हातात ठेवलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, आज शंभर तरी झाले असतील. मोजले तर ४१. कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, बटणं एका डबीतून दुसरीत टाकणं, पान उलटणं, अशी कामं निवडली. नुसती मूठ मिटणं-उघडणं नाही, कारण मला मूठ मिटायची नव्हती, पान उलटायचं होतं. पाच आठवड्यांत दिवसाला १५० वर आले, तेही दिवसातल्या तीन वेळांत विभागून. ३०० वर गेले त्या आठवड्यात खांदा दुखायला लागला. पुन्हा २०० वर उतरले आणि तिथेच महिनाभर राहिले. पक्षाघातानंतरचा दुबळा खांदा फार जपावा लागतो. दुखतंय तरी रेटायचं, हा बाणा इथे कामाचा नाही.

टाचेमागच्या कंडरेचं (अ‍ॅकिलिस टेंडनचं) दुखणं असलेल्यांना स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन यांचा १९९८ सालचा लेख कधी ना कधी कोणी तरी पाठवतंच. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची: १५ वेळा, तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. गुणाकार केलात तर रोज १८० होतात. सगळेच्या सगळे १५ जण पुन्हा पळायला लागले. पण १५च होते आणि तुलनेच्या गटासाठी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पुढे २०१५ साली ५८ जणांत चिठ्ठ्या टाकून पाहिलं, तर आठवड्यातून तीनदा जड वजनानं संथ केलेला व्यायामही तितकाच उपयोगी ठरला. रोज १८० ज्यांना झेपत नाहीत त्यांनी तेवढ्यावरून हातपाय गाळायची गरज नाही.

‘जास्त म्हणजे चांगलं’ एवढंच घेऊन उठाल तर तेही चुकेल. अ‍ॅव्हर्ट ही २०१५ सालची चाचणी, २१०४ रुग्ण. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला उठवायला सुरुवात करायची आणि जास्त वेळा, जास्त वेळ उभं-चालतं करायचं, असा बेत. सगळ्यांना वाटलं होतं की यानं भलं होईल. तीन महिन्यांनी चांगली स्थिती असलेले त्या गटात निघाले ४६ टक्के आणि नेहमीच्या गटात ५० टक्के. नंतरच्या पृथक्करणात दिसलं, की थोड्या थोड्या वेळाच्या पण अनेक खेपा बऱ्या, लांबलचक सत्रं नकोत. म्हणजे ‘किती’ला ‘कधीपासून’ची जोड हवीच.

याच्या उलट टोकाला अंथरुण. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयानं त्यांच्या शारीरिक क्षमतेचं जितकं नुकसान झालं त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. पाचच माणसं, तुलनेचा गट नाही, हे मला दिसतंय. तरी हा अभ्यास मी विसरू शकत नाही.

फरक पडला, पण कुणाला कळला?

‘लक्षणीय फरक’ हा शब्द लेखात आला की तो आकडेशास्त्राचा असतो. योगायोगानं एवढा फरक पडला नसता, इतकंच तो सांगतो. माणसाला तो जाणवेल का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी ‘जाणवण्याजोगा किमान फरक’ असा आकडा काढलेला असतो. फुप्फुसाच्या जुनाट आजारात सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजतात. तिथे हा किमान फरक साधारण ३० मीटर धरतात. कोणी १२ मीटर वाढल्याचा डंका पिटला तर तुम्हाला कळलं पाहिजे.

मोजलं काय, हेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली तीन थरांची एक मांडणी दिली, ती मला फार उपयोगी पडते: शरीराचं कार्य, माणसाची कृती, आणि जीवनातला सहभाग. माझ्या भाषेत: मनगट किती अंश उठतं, पान उलटता येतं का, आणि मी पुन्हा कामावर बसते का. वर सांगितलेल्या रॅटल्समध्ये रोबोटनं पहिल्या थरावर थोडी सुधारणा केलीही होती, ती दुसऱ्या थरापर्यंत पोचली नाही. जाहिरातीत नेहमी पहिला थर दाखवतात. तुम्हाला हवा असतो तिसरा.

पहिली आवृत्ती आणि सुधारून वाढवलेली

छोट्या चाचणीची बातमी मोठी होते आणि मोठ्या चाचणीची छोटी. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध पक्षाघातानंतर दिलं तर हातापायांची हालचाल जास्त सुधारते, असं २०११ साली फ्लेम चाचणीत ११८ रुग्णांत दिसलं. बरीच आशा लागली. मग २०१९ साली फोकस आली, ३१२७ रुग्णांची. सहा महिने औषध देऊनही दैनंदिन कामं जमण्यात फरक नाही. नैराश्य कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. पुढच्या आणखी दोन मोठ्या चाचण्यांतही कार्यक्षमतेत फायदा दिसला नाही. मला ओळखीतल्या एकीनं फ्लेमचं कात्रण पाठवलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. (नैराश्यासाठी कोणाला हे औषध दिलं असेल तर तो निराळा विषय, हे वाचून गोळी थांबवू नका.)

म्हणून लेख वाचून झाला की त्याच नावाच्या पुढच्या चाचण्या शोधा. वर्ष बघा, माणसं मोजा.

सगळंच असं डळमळीत नसतं, हेही सांगायला हवं. धूम्रपानानं वगैरे होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट अडथळ्याच्या आजारात व्यायामाधारित पुनर्वसनाचा उपयोग होतो का, यावरचा कॉक्रेनचा २०१५ सालचा आढावा ६५ चाचण्या आणि ३८२२ जणांचा आहे. उत्तर इतकं स्पष्ट आलं, की संपादकांनी तो आढावा बंद केला. हा प्रश्न पुन्हा विचारायची गरज उरली नाही. धाप लागते म्हणून घरात बसलेलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांच्यासाठी आणखी पुरावा शोधत बसू नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, की हे पुनर्वसन कुठे मिळतं.

भाच्याचा गुडघा

वर्षभरानं भाचा फुटबॉल खेळताना पडला. गुडघ्यातला पुढचा बंध तुटला. आता लेख मागायची पाळी त्याची.

त्याला मी आधी २०१० सालची स्वीडनमधली चाचणी दिली: १२१ तरुण, खेळणारे. ६२ जणांची लवकर शस्त्रक्रिया, ५९ जणांना आधी पुनर्वसन आणि गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी गुडघ्याच्या तक्रारींत दोन्ही गट सारखे. दुसऱ्या गटातल्या २३ जणांची दोन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली होती. पाच वर्षांपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. ‘शस्त्रक्रिया नकोच’ असं हा लेख म्हणत नाही. काही जणांना थांबून ठरवता येतं, एवढं म्हणतो. भाच्याच्या गुडघ्यात कूर्चाही फाटली होती. सर्जननं समजावून सांगितलं आणि त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली. योग्यच केलं.

सहाव्या महिन्यात त्याला मैदानाची ओढ लागली. २०१६ साली नॉर्वे आणि अमेरिकेच्या संशोधकांनी १०६ जणांचा दोन वर्षं माग ठेवला होता. नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं एकेक महिना लांबवलं की दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी उतरत गेलं. मांडीच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत सारखी असलेल्यांना धोका कमी. इथे चिठ्ठ्या नव्हत्या. सावकाश परतणारे मुळातच सावध स्वभावाचे असतील, असं म्हणता येईल. मी ते त्याला सांगितलंही. पण ‘लवकर परता’ म्हणणारा तितकाच भक्कम लेख त्याला सापडला नाही, आणि शोधला त्यानं चांगला आठवडाभर.

वहीवरची चाचणी

लेख पटला, तुमच्यासारख्यांवरचा निघाला, थेरपिस्टला मान्य झाला. आता स्वतःवर करून बघायचं असेल तर माझी पद्धत अशी.

सुरू करण्यापूर्वी तीन दिवस नुसतं मोजा. एकच माप ठेवा आणि ते तिसऱ्या थराच्या जवळचं असू द्या. मी एका मिनिटात उजव्या हातानं छापील पानावर किती शब्दांखाली रेघ मारता येते ते मोजलं: ४, ६, ५. एकाच दिवशी मोजून ६ आले असते तर पुढच्या आठवड्यातले ६ पाहून मी रडले असते. रोज तीच वेळ. सकाळी आणि संध्याकाळी माझा हात दोन वेगळ्या माणसांचा असतो.

एका वेळी एकच बदल. हे सगळ्यात अवघड, कारण घरातले सगळे काही ना काही सुचवत असतात. चार आठवडे तरी द्या. किती वेळा केलं तेही लिहा. नाही तर ‘उपयोग झाला नाही’ आणि ‘केलंच नाही’ यांतला फरक कळत नाही. माझ्या वहीत एक आठवडा असा आहे, की मी तक्रार लिहिलीय अर्धं पान आणि आवर्तनं आहेत २६.

थांबायचं कधी तेही आधीच लिहून ठेवा. छातीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, अचानक नवा अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणं, पोटरीला सूज: तिथेच थांबून डॉक्टर. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही तितकंच राहिलं तर संख्या कमी करून थेरपिस्टला कळवा. आणि विषाणूच्या आजारानंतर महिनोन्महिने थकवा रेंगाळलेल्यांनी फार जपून. थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार आडवा होत असेल, तर ‘दर आठवड्याला थोडं वाढवा’ हा नियम त्याला लावायचा नसतो. दीर्घ थकव्याच्या विकारासाठी अशी ठरावीक वाढ ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ साली आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली.

थेरपिस्टकडे जाताना लेखाची चळत नेऊ नका. एक लेख, त्यातले ते चार आकडे, तुमचं तीन दिवसांचं माप आणि एक प्रश्न: “हे माझ्यासारख्यांवर केलेलं आहे का, आणि माझ्यासाठी किती?” माझ्या फिजिओनं दोनदा ‘नाही’ म्हटलं, एकदा ‘आत्ता नाही’. ‘आत्ता नाही’ म्हटलेला तो एक्साइटचाच लेख. तो मग आम्ही रोज तीन तासांवर आणून केला; सहा तास मला झेपले नसते आणि तिलाही तेवढा वेळ नव्हता. चार आठवड्यांनी मिनिटाला १७ रेघा. आमच्या दोघींच्या मते त्यातल्या काही आपोआप आलेल्या असणार. किती, ते सांगता येत नाही. माझा तुलनेचा गट नाही.

भाच्याला आता आठवा महिना लागलाय. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ८४ टक्के आहे, असं त्यानं काल कळवलं, खाली विचारलं: “चालेल ना?” मी त्याला लेखाचं तेच पान पुन्हा पाठवलं, आकड्याखाली लाल रेघ मारून.